दोन कुलपांचा सर्व्हर

कनेक्टर निवडावा तर मी! वळ गावच्या गोदामपट्ट्यात या विषयात माझा शब्द शेवटचा होता. दुसऱ्या कुणाला हा विषय आहे हेच ठाऊक नव्हतं.

साल दोन हजार पाच. बाळारामशेठच्या गोदामांतला माल गिऱ्हाइकाला वेबसाइटवर दिसावा म्हणून मी दोन सर्व्हर उभे केले. पुढचा गिऱ्हाइकाशी बोलणारा, मागचा माल मोजणारा. दोघांमध्ये निरोप्या लागतो, तोच कनेक्टर. बाजारात निरोपे दोन: जेके आणि जेके-टू. आता टू असताना साधा कोण घेईल? मोबाइलच्या दुकानात जुनं मॉडेल मागतं का कुणी?

पण गोदाम बघायला येणाऱ्या औषध कंपनीचा कॉम्प्युटरवाला भावेश फोनवर म्हणाला, "साधा जेकेच लावा. टू बनवणाऱ्यांनीच सोडून दिलाय."

माझ्या डोक्यात कापड रंगवणाऱ्या डाइंगचा बॉयलर फुटला! हा कोण मला शिकवणार?

"भांडताय कशाला?" शेठ म्हणाले. "गोदामाला कुलपं दोन असतात ना? येक आपलं, येक कंपनीचं. दोनी लावा!"

"शेठ, हे कुलूप नाही!"

"मंग दार उघडं ठेवताय काय?"

दात-ओठ खात दोन्ही लावले.

दुपारी त्याच औषध कंपनीच्या मनाली मॅडम आल्या. पडद्यावर माल दिसला, तरच शेठचं रिकामं गोदाम त्या भाड्याने घेणार होत्या. पान उघडलं. पांढरंफटक! एकच निरोप दोन्ही निरोपे ओढत बसले होते.

"सायेब, माल चोरीला गेला काय?"

"तुमच्या कुलपांनी गिळला!" मी शेठवर ओरडलो.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. सेटिंगमध्ये ओळीपुढे हॅशची (#) खूण टाकली की ती ओळ मेली, म्हणजे तो निरोपा बंद. रागाच्या भरात भावेशच्या ओळीपुढे असा हॅश ठोकला, की कीबोर्ड दचकला! सर्व्हर पुन्हा चालू केला आणि पडदाभर माल!

"बघितलंत?" मी टेबलावर मूठ आपटली. "जेके-टू! लावा त्या भावेशला फोन!"

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे तो कधीच नीट चालला नाही. सेटिंग दाखवता?"

"अवश्य!" अक्षरं चांगली मोठी करून दाखवली.

हॅश जेके-टूच्या पुढे होता.

मॅडम हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "गोदाम घेतो आम्ही," त्या म्हणाल्या. "कनेक्टर मात्र भावेशचाच राहू द्या."

शेठ पडद्याला नाक लावून बघत होते. "सायेब, तुमच्यावाल्याच्या पुढं ही जाळी कसली?"

"शोभेची आहे, शेठ."