लावीचे कुंपण आणि गेरूची खूण

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरकाका राहत होते. त्यांनी काटेरी कुंपण विणायची छान रीत शोधून काढली आणि वडाखाली उघड मांडून ठेवली. कुणीही पाहावी, कुणीही वापरावी, चूक दिसली तर कुणीही सुधारावी.

बघता बघता सगळ्या जंगलाने ती उचलली. सिंहाच्या गुहेलाही तेच कुंपण लागले. सिंहाने एक काटाही दिला नाही, निरोप मात्र रोज धाडला, "कुंपण सैल झालंय. ताबडतोब बघा." काका पडले एकटे. विणून विणून त्यांचे हात सोलवटले.

मग मुंगूसराव मदतीला आले. गोड बोलणे, वाकून नमस्कार, पडेल ते काम. शिवाय मुंगसाचे दर्शन शुभ!

"काका, आता तुम्ही आराम करा," ते म्हणाले.

"नाहीतर काय! म्हातारा उगाच अडून बसतो," माकडाने री ओढली.

काकांनी सगळी कुंपणे मुंगूसरावांच्या हाती सोपवली. लवकरच प्रत्येक कुंपणाला खाली एक फट आली.

लावी पक्षीण बिचारी जमिनीवर अंडी घालणारी. तिची अंडी कुंपणाआड गवतात होती.

"मुंगूसराव, ही फट कशाला हो?"

"हवा खेळायला, ताई. आणि लपवलंय का काही? सगळ्यांनी पाहिलंय."

लावीने सशाला विचारले. सशाने हरणाकडे बोट दाखवले. हरीण म्हणाले, "माकडाने पाहिलंय ना!" माकड म्हणाले, "मी झाडावर राहतो, बाई. पण महाराजांकडे तेच आहे, म्हणजे तपासलेलंच असणार." महाराज जांभई देत म्हणाले, "एवढी प्रजा वापरते, म्हणजे चांगलंच असेल."

तुमच्या बाबांच्या ऑफिसातले, असेच सगळ्यांसाठी उघड मांडलेले ओपन सोर्स सॉफ्टवेअर वेगळे हं, बाळांनो. ते कुणीतरी नक्की वाचून पाहिलेले असते.

लावीचा जीव भांड्यात पडला. ती दाणे टिपायला गेली. परतली तेव्हा नुसती टरफले उरली होती. फार रडली हो ती. सांगतानाही मला वाईट वाटते.

सभा भरली. "प्रजेचा विश्वास डळमळलाय. तो वाढला पाहिजे," सिंह म्हणाला. फट बुजवा, असे कुणीच म्हणाले नाही. सुरक्षा समिती नेमायची आणि तपासलेल्या कुंपणावर गेरूची खूण करायची, असे ठरले. अध्यक्ष कोण? फटींची सर्वांत जास्त माहिती मुंगूसरावांना. एकमताने निवड झाली! ताकीद मिळाली ती साळिंदरकाकांना. एवढी महत्त्वाची वस्तू फुकट वाटलीच कशी?

लावीने पुन्हा अंडी घातली. या वेळी ती काकांना घेऊन कुंपणाभोवती फिरली. दोघांनी गाठ न् गाठ ओढून पाहिली आणि फट बाभळीच्या काट्यांनी बुजवली.

दुसऱ्याच दिवशी समिती दारात हजर. "खूण केलेल्या कुंपणात परस्पर फेरफार?" मुंगूसराव कडाडले. लावीच्या कुंपणावरचा गेरू खरवडून काढण्यात आला.

लावीची पिल्ले आता उडायला लागली आहेत. पण बिनगेरूच्या घरची म्हणून जंगलात त्यांना कुणी जवळ करत नाही. शेजारच्या लाव्यांच्या कुंपणांवर मात्र गेरू ठसठशीत आहे. आत किलबिल नाही की गोंगाट नाही. अगदी शांत.

तात्पर्य : कुंपण स्वतः तपासू नये. त्याने अंडी वाचतात, पण समितीवरचा विश्वास उडतो.