छपरावरून आणलेला खेळाडू

अख्ख्या बालाघाटात बास्केटबॉल कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं महागू शिंप्याचं ठाम मत होतं. त्यानं जन्मात चेंडूला हात लावला नव्हता. पण हात न लावता ज्याला कळतं तोच खरा जाणकार! आपल्याकडे देशसुद्धा असेच लोक चालवतात, मग बास्केटबॉलचं काय घेऊन बसलात!

झालं असं, की गावच्या बास्केटबॉल क्लबातला सगळ्यात उंच गडी भिलाईच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि टीममध्ये एक जागा रिकामी पडली. रविवारी गोंदियाची टीम छोट्या रेल्वेगाडीनं येणार होती. गोंदिया म्हणजे सगळे आपलेच सोयरे. पण राज्यांची वाटणी झाली, ते महाराष्ट्रात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि तेव्हापासून त्यांना वाटतं की आपण झाडावरून उतरलो! त्यांच्याकडून हरण्यापेक्षा वैनगंगेत उडी टाकलेली बरी.

रिकाम्या जागी कोणाला घ्यायचं, हे खेळाडूंना कोणी विचारत नसे. खेळाडूंचं काम खेळायचं. निवड हे अकलेचं काम, आणि ते घनश्यामच्या चहाच्या हॉटेलात होत असे. खिडकीजवळच्या बाकावर महागू बसे. घरी त्याचं कोणी ऐकत नव्हतं. बायको शेवंताबाई बोले, तो मान हलवी. जगाच्या पाठीवर हे एकच बाकडं असं होतं, जिथं तो तोंड उघडी आणि दहा माणसं बशी ओठाला लावलेली तशीच ठेवून ऐकत.

"माह्या भाच्याले घ्या," घनश्याम गल्ल्यावरून म्हणाला. "लालबर्ऱ्याचा दादाजी! असा लंबा, का उभा राह्यला तं कावळा येऊन बसते डोक्शावर!"

"उंच तं ताडाचं झाडबी असते," महागू म्हणाला. "त्याले चड्डी शिवून देऊ काय?"

तेजराम गुरुजी शाळेत कवायत शिकवत आणि सामन्यात शिट्टी वाजवत. ते म्हणाले, "परसवाड्याच्या बाजारात एक पोरगा पाह्यला म्या. बैल अंगावर आला, तं बैलाच्या वरून उडी मारून गेला!"

"गुरुजी, बैल काय गोंदियाकडून खेळून राह्यला?" महागूनं बाकावर थाप मारली. "माहा गडी आयका! सुखराम! माह्या घरचे कवेलू वानरांनी फोडले, म्हणून छप्पर फेरायले आला. हा खाली, त्याचा जोडीदार वर. खालून फेकला का सीधा वरच्याच्या हातात! सकाळपासून पाहून राह्यलो, एक कवेलू फुटला नाही! अरे, जो कवेलू असा फेकते, तो चेंडू कसा फेकंन?"

दहाच्या दहा बशा ओठांशी थांबल्या. महागूला ते दृश्य गुळासारखं गोड लागलं आणि तो नको ते बोलून गेला.

"सुखराम फेल झाला, तं या हॉटेलाची पायरी चढणार नाही! मेलो तरी!"

"मंग आजच मैदानावर पाहून घेऊ, दादाजी का सुखराम! सगळ्यायनं आयकलं ना बाप्पा?" घनश्यामनं विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं. अशा गोष्टी लोक बरोबर ऐकतात!

महागू घरी पळाला. शेवंताबाई वाण्याकडे गेली होती. कौलं उतरवल्यामुळे निम्मं छप्पर उघडं होतं. आलूबोंड्याचं आमिष दाखवून त्यानं सुखरामला कामावरून उचललं. जोडीदार रागानं घरी गेला. सुखराम मात्र शिडी खांद्यावर घेऊनच निघाला.

"शिडी काहून घेतली बे?"

"दुसऱ्याच्या घरी शिडी ठेवली का मालक, दुसऱ्या दिवशी ती त्याचीच होते."

राइस मिलमागच्या मैदानावर अर्धं गाव जमलं होतं. एकीकडे दादाजी उभा होता, उघडं तोंड घेऊन, सिग्नलच्या खांबासारखा. गुरुजींनी सुखरामच्या हातात चेंडू दिला आणि वरचं लोखंडी कडं दाखवलं.

सुखरामनं मान वर केली. "वर कोन हाय?"

"कोनीच नाही."

"मंग फेकू कोनाकडं?"

"त्या जाळीत टाक!"

"तिले तं बूडच नाही! टाकला का खाली येते. फुकटची मेहनत!"

लोक हसले. घनश्याम जरा जास्तच हसला. सुखरामनं तीन-चारदा चेंडू फेकला, पण प्रत्येक वेळी चेंडू कड्याजवळ पोचायचा, कोणी धरील म्हणून क्षणभर थांबल्यासारखा करायचा, आणि निराश होऊन परत यायचा.

"मालक, वर मानूस पाहिजे. बिना हाताच्या जागी माहा हात चालत नाही."

महागूला समोर हॉटेलचं बाकडं दिसलं. त्यावर दुसराच कोणी पाय पसरून बसलेला दिसला! त्यानं सुखरामची शिडी खांबाला लावली, तडक वर चढला आणि कड्यामागच्या फळीवर घोड्यावर बसावं तसा बसला.

"हे कोनत्या नियमात बसते?" घनश्याम ओरडला.

गुरुजींनी डोकं खाजवलं. "वर मानूस बसू नये, असंही कुठं लिहिलेलं म्या वाचलं नाही."

आणि काय सांगावं! सुखरामचा चेंडू थेट महागूच्या ओंजळीत! महागूनं जाळीत सोडला. पुन्हा चेंडू, पुन्हा जाळी! पोरं चेंडू उचलून आणून देत होती, सुखराम फेकत होता, लोक टाळ्या वाजवत होते. महागूनं वरून भाषणच सुरू केलं. "आयका! ज्यायले अक्कल नाही, त्यायनं भाच्यायले घेऊन गावाले परत जावं!"

आता कवेलू फेकणाऱ्याची एक रीत असते. त्याची नजर वरच्या हातांवर. मागून कोण काय हातात देतंय ते तो बघत नाही. आणि वरचा 'थाम' म्हणेपर्यंत हात थांबवत नाही. थांबला की ताल तुटतो आणि कवेलू टाळक्यात बसतो.

ही रीत दादाजीच्या लक्षात आली. हळूच पोरांना बाजूला सारून तो सुखरामच्या मागे उभा राहिला आणि त्यानं आपली चप्पल काढून त्याच्या हातात दिली.

चप्पल वर गेली. महागूनं झेलली!

"चेंडू सोडून दुसरं काही जाळीत पडलं, तं गडी फेल!" घनश्याम किंचाळला.

महागूनं चप्पल छातीशी धरली. मागोमाग भोपळा आला, कोणाच्या तरी बाजाराच्या पिशवीतला. तो काखेत मारला. मग दुसरी चप्पल. हात उरला नव्हता. ती दातांत धरली. झालं! तोंड बंद. आता 'थाम' म्हणणार कोण?

"उंऽऽ! उंऽऽऽ!" महागू वरून म्हणाला.

"वाहवा करून राह्यले मालक!" सुखराम खूश झाला आणि त्यानं हात वाढवला.

त्या हातात आली घनश्यामच्या हॉटेलची किटली. चहानं भरलेली. वाफाळती.

ती सरळ महागूच्या मांडीवर उतरली!

पुढचं सगळं एका दमात झालं. महागूनं बोंब मारली, चप्पल दातांतून जाळीत गेली. तिच्यामागे दुसरी चप्पल. तिच्यामागे भोपळा. भोपळ्यामागे किटली. आणि किटलीमागे, फळी कडकडा मोडून, खुद्द महागू! अंगानं काडी असल्यामुळे कड्यातून कमरेपर्यंत अलगद गेला आणि जाळीत घट्ट अडकला. पाय खाली लोंबकळत होते.

सवयीनं तेजराम गुरुजींनी शिट्टी वाजवली. "दोन पॉइंट!"

तेवढ्यात गर्दी फाकली. हातात लाटणं घेऊन शेवंताबाई उभी!

"अवो! उघड्या छपरातून वानरं घरात उतरले! माह्या चुलीजवळ बसून भात खाऊन राह्यले! अन् तुमी इथं लटकून राह्यले?"

"मी... मी निवड करून राह्यलो," महागू जाळीतून म्हणाला.

शेवंताबाईनं नवऱ्याकडे बघितलं, मग सुखरामकडे. "हे झेलते काय नीट?"

"हौ बाई," सुखराम म्हणाला. "किटलीबी झेलली."

दादाजीची निवड झाली. सुखरामचा जोडीदार रुसला तो परत आलाच नाही. म्हणून रविवारी, जेव्हा सारं गाव मैदानावर होतं, तेव्हा महागू स्वतःच्या छपरावर उकिडवा बसून कवेलू झेलत होता. शब्द दिला होता; हॉटेलाची पायरी बंद! मैदानावर आरडाओरडा उठला की तो मान उंच करून बघे, पण मध्ये मिलचं धुराडं येई. ऐकायला दहा माणसं राहिली नव्हती. एक सुखराम होता, खाली.

"सुखराम, इमानदारीनं सांग," महागू वरून म्हणाला. "त्या ताडाच्या झाडाले घेऊन चूक केली का नाही या लोकायनं? तू त्यायच्या जागी असता, तं कोनाले घेतलं असतं?"

सुखरामनं एक कवेलू हातात तोलला. मग वर फेकत म्हणाला,

"मले इचारता तं मालक... दादाजीलेच. उंच हाय ना पोरगा!"

आणि महागूच्या हातून सुटून त्या दिवसातला पहिला कवेलू फुटला.