दत्तारामचं ‘आधीच सांगतंय’

दत्तारामची जाहिरात मी केली, हा माझा गाढवपणा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘उत्तम सुतार. बारा वर्षं एकाच ठिकाणी कामाचा अनुभव.’ स्वतःच्या चतुराईवर खूश होऊन चहा टाकला. तो उकळायच्या आत कुणीतरी कंपनीचं नाव विचारलं आणि दत्तारामनं बहिणीच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला, “कंपनी नाही, जेल. सुतारकाम तिथंच शिकलो.”

दत्ताराम म्हणजे आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सुनंदाचा भाऊ. भांडणात त्याच्या हातून माणूस मेला. शिक्षा भोगून आलाय. काम मिळालं तर इथं राहा, नाहीतर गावी जा, असं मेव्हण्यानं बजावलंय. आणि हा बाबा, ओळख झाली रे झाली की सुरू, “आधीच सांगतंय हां...” वॉचमनला सांगून झालं, रिक्षावाल्याला सांगून झालं. आधारचा पत्ता बदलायला नेला तर तिथल्या मुलीलाही. ती म्हणाली, काका, अंगठा ठेवा.

तिशीतली मी असते तर दाराची साखळी न काढता फटीतूनच त्याला वाटेला लावलं असतं. फार शहाणी समजायची ती बाई स्वतःला. म्हातारी मी त्याच्यासाठी दारोदार फिरतेय, आणि हा दारं बंद करत सुटलाय.

परवा माझ्या भिशीतल्या कुंदाकडे किचनच्या ट्रॉल्यांचं काम जुळवलं. जिन्यातच दम भरला, मापं घे आणि तोंड बंद ठेव. त्यानं घेतलीही गुपचूप. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात कुंदानं चहाचा कप पुढे केला. हा कप न घेता उभाच राहिला. “आधीच सांगतंय...”

सगळं ऐकून कुंदा म्हणाली, मुलाला विचारून कळवते. म्हणजे संपलंच.

खाली उतरताना मी त्याला फैलावर घेतलं. “नाव टाकलं की मोबाइलवर सगळं येतं काकू,” एवढंच म्हणाला. मग शोधू दे की त्यांना, मी म्हटलं, तोवर ट्रॉल्या बसवून होतील. तुला कसली एवढी घाई?

तो पायरीवर थांबला.

“पोरीला सांगितलेलं, बाबा बोटीवर असतात. खरं काय ते तिला वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर दाखवलं. तेवढं माझ्या तोंडून सांगायचं राहिलं, काकू.”