परसातली गळती

जमिनीखालची गळती शोधण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या खात्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमचा मुकादम म्हणतो. (मुकादम माझ्या हाताखाली काम करतो, ही गोष्ट वेगळी.) पाणीपुरवठ्यात मी सव्वीस वर्षं काढली. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली नळ कुठे फुटलाय ते बोट ठेवून सांगायचं, हे माझं काम. असा माणूस घरच्या परसात भाजी लावायला निघाला, तर त्याला कोण अडवणार?

बायको अडवणार. कारण परसात तिची कपडे वाळत घालायची दोरी होती. दोन लोखंडी खांब आणि त्यांच्यामध्ये चांगली वीस फूट दोरी. घरात आल्यापासून तिने त्या दोरीशिवाय दुसरं काही मागितलेलं नाही, असं तिचं म्हणणं आहे. मला हे म्हणणं तंतोतंत मान्य नाही, पण तो विषय इथे नको. शेवटी तह झाला. तीन महिने परस माझं. तीन महिन्यांनंतरच्या रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांना पुरेल अशी एका जेवणाची भाजी परसातून निघाली, तर परस कायमचं माझं. नाही निघाली, तर दोरी परत जागेवर, आणि पुन्हा बागेचं नाव काढायचं नाही. खांब उपटून आम्ही न्हाणीघराच्या मागच्या बोळात भिंतीला टेकवून ठेवले आणि मी कुदळ हातात घेतली.

टोमॅटो, वांगी, मिरच्या, कडेने कोथिंबीर. सगळं खात्याच्या शिस्तीत. मी एक पाटीसुद्धा रंगवली: ‘पाणी रोज सकाळी सहा वाजता. एक झारी. इतर कोणीही हात लावू नये.’ आई पाटी वाचून म्हणाली, “ही सूचना कोणासाठी आहे? इथे राहतं कोण? आपणच ना?” मी म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त.

महिनाभर रोपं अशी तरारली, की मी कचेरीत रोज त्यांची उंची सांगायला लागलो. मुकादम ऐकून घ्यायचा. त्याचा नाइलाज होता.

दुसऱ्या महिन्यात टोमॅटोने मान टाकली. मग मिरचीने. पानं पिवळी पडली. मी रोपवाटिकेवाल्याला एक रोप उपटून नेऊन दाखवलं. त्याने मुळं चिमटीत धरली, ती शेवयांसारखी तुटली.

“मुळं कुजलीत,” तो म्हणाला. “पाणी बंद करा.”

मी घरात कोणाला काही न सांगता त्याच दिवसापासून झारी उलटी टांगून ठेवली. दोन दिवस गेले, माती ओली. पाच दिवस गेले, माती ओलीच! आठव्या दिवशी मी वाफ्यात पाय ठेवला आणि चप्पल आतच राहिली. ऊन तर असं, की माणूस वाळावा. अशा उन्हात जमीन ओली राहते याचा अर्थ एकच, आणि तो सांगायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागतो. खाली नळ फुटला होता!

खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. म्हणजे चूक माझी नव्हती, नळाची होती. गळती शोधून दाखवली की बायकोला मुदत वाढवून द्यावीच लागणार होती. पण आज खणू, उद्या खणू करता दिवस गेले आणि ठरलेला रविवार उजाडला. सकाळी सातला मी मुकादमाला कुदळ-फावड्यासकट बोलावून घेतलं.

गळती ऐकायच्या आधी घरातले सगळे नळ बंद करायचे, हा पहिला नियम. मी आत तसं ओरडून सांगितलं. आईने हो म्हटलं. मग मी गुडघ्यांवर बसलो, वांग्यांच्या वाफ्यात कांब रोवली आणि कान लावला. खाली पाणी वाहत होतं. स्वच्छ ऐकू येत होतं. मी मुकादमाला खूण केली, त्यानेही कान लावला आणि मान डोलावली. (आईने हो म्हटलं होतं, पण तिच्या मनात ते ‘बादली भरली की बंद करते’ असं होतं, हे नंतर कळलं.)

खणायला सुरुवात झाली. आधी वांगी गेली. मग मिरच्या गेल्या. नळ टोमॅटोंच्या खालून जातो असं माझं ठाम मत पडलं, म्हणून टोमॅटो गेले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. एरवी ती अशा वेळी दोन शब्द तरी ऐकवते. त्या दिवशी नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते मला नीट दिसत होतं, पण मी तेव्हा तज्ज्ञ होतो.

कमरेइतक्या खड्ड्यात नळ सापडला. मुकादमाने त्यावरची माती हाताने पुसली. नळाच्या खालची माती कोरडी ठणठणीत होती.

“साहेब,” मुकादम म्हणाला, “ओल वरच आहे. खाली काहीच नाही.”

मी काही बोलणार, तेवढ्यात आई मागच्या दाराने बाहेर आली. हातात भरलेला तांब्या. आम्हाला बघून तिने तो झटकन पदराआड घेतला. भरलेला तांब्या पदराआड राहत नाही. पाणी तिच्या पायावर सांडलं.

“आई, हे काय?”

“काही नाही रे. तू हल्ली विसरायला लागलायस. झारी बघ कशी उलटी टांगलेली. रोपं मान टाकत होती, म्हणून मी आपली दोन तांबे घालते. रोज.”

“तुम्हीपण?” दारातून बायको म्हणाली.

मी बायकोकडे वळलो. तिने मान खाली घातली. रोज दुपारी ती भाज्या धुतलेलं पाणी वाफ्यात ओतत होती, आणि तेवढं पुरेसं वाटलं नाही तर वर आणखी एक बादली. झाडं मेली असती तर तिला दोरी मिळणार होती, मग ही पाणी का घालत होती?

“मला दोरी हवी होती,” ती म्हणाली. “पण तुम्ही रोज कामावरून येऊन त्या रोपांपुढे ज्या तोंडाने बसत होतात, ते मला बघवेना.”

मुकादम खड्ड्यात होता. त्याने शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून रबरी नळीचं तोंड आत आलं. पाण्याची जाड धार थेट मुकादमाच्या डोक्यावर पडली. भिंतीपलीकडून शेजारच्या काकू मोठ्याने म्हणत होत्या, “आज दुपारी मी बाहेर जाणार ती रात्रीच येणार, म्हणून आत्ताच घालून टाकते. किती सुकलीत बिचारी! घरात कोणाचं लक्षच नाही!”

म्हणजे सकाळी मी (झारी टांगेपर्यंत), मग आई, दुपारी बायको, संध्याकाळी काकू. झाडं पाणी जास्त झालं म्हणून मान टाकत होती, आणि त्यांनी मान टाकली म्हणून प्रत्येक जण आणखी पाणी घालत होता. चोरून, कारण मी पाटी लावली होती. गळती शोधणाऱ्या माणसाच्या घरात चार नळ वाहत होते, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. मुदतवाढ मागायला तोंड राहिलं नव्हतं. “आणतो खांब,” मी म्हणालो. मुकादम मला थांबवून स्वतःच न्हाणीघरामागे गेला. बराच वेळ आला नाही. मग त्याची हाक आली.

बोळात दोन्ही खांबांवर आणि मध्ये लोंबणाऱ्या दोरीवर भोपळ्याचा वेल चढला होता. हिरवागार, हाताएवढ्या पानांचा. त्याखाली दोन भोपळे, एकेक हेल्मेटएवढा! त्याला कोणी पाणी घातलं नव्हतं, कारण तो आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. आई म्हणाली की मागे तिने बिया तिकडे भिरकावल्या होत्या.

“हे परसातच आलं ना?” मी हळूच म्हटलं.

“तुम्ही लावलेलं नाही,” बायको म्हणाली.

“पण दोरी तुमची आहे, वहिनी,” मुकादम म्हणाला. त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

दुपारी पाचही जण भोपळ्याची भाजी जेवलो, पाचव्या काकू. बाहेर जायचं त्यांनी रद्द केलं. मुकादमाने माझा कोरडा शर्ट घालून दोनदा वाढून घेतलं. जेवताजेवताच नवा तह झाला. वेल आहे तिथेच राहणार, परस अर्धं वाफ्यांचं, अर्धं नव्या दोरीचं. झाडांना पाणी फक्त आई घालणार. आणि माझ्या बागेमुळे तीन महिने बायकोचं कपडे वाळवायचं काम वाढलं, म्हणून कपडे वाळत घालणार मी.

वाफे आता छान आहेत. कोथिंबीर तर घराबाहेर वाटतो आम्ही. मी खूश आहे. फक्त परवा सकाळी बघतो तर दोरीखालची जमीन चिंब ओली, आणि आजूबाजूला सगळं कोरडं! माझा हात आपोआप कांबेकडे गेला. कांब रोवली, कान लावला, डोळे मिटले. मानेवर टपकन थेंब पडला तेव्हा वर पाहिलं.

चादर मी पिळायलाच विसरलो होतो.