तेलाचा काटा

आधीच कबूल करतो, गाडीला काहीही झालं नव्हतं.

सासऱ्यांनी सतरा वर्षं वापरून आम्हाला दिलेली ती गाडी माझ्यापेक्षा निरोगी आहे. (दोघांचीही तपासणी वर्षातून एकदा होते. पाहुण्यांना मी फक्त तिचाच रिपोर्ट दाखवतो.) पण एका शनिवारी चौकात वळताना इंजिनच्या तेलाचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला, आणि मी ठरवलं, आता तेलाच्या दाबाचा काटा बसवायचाच.

"दिवा आहे ना?" बायको म्हणाली. "लागला की थांबायचं. बाबांनी सतरा वर्षं एवढंच केलं."

"दिवा नुसता हो किंवा नाही म्हणतो. काटा किती ते सांगतो."

"आणि किती ते कळल्यावर तुम्ही काय करणार?"

मी थेट दुकान गाठलं.

खोक्यात एक गोल तबकडी, वायरचं भेंडोळं आणि सेंडर नावाचं एक पितळी बोंड निघालं. दिव्याचं बटण इंजिनातून काढायचं आणि त्या जागी हे बोंड आट्यांवर फिरवून बसवायचं. ते तेलाचा दाब मोजतं आणि वायरीतून काट्याला कळवतं. बोंडाला वायर मात्र एकच. दुसरी कुठे गेली, असा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर माहितीपत्रकात असणार होतं, पण तोवर मी त्याला हात पुसले होते.

रविवारचे चार तास वायर आत ओढण्यात गेले. डोकं ब्रेकपाशी आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी असताना शेजारचे काका माझ्या तळपायांशी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारून गेले. पण शेवटी बोंड बसलं, इंजिन सुरू केलं आणि काटा डौलात मध्यावर आला! मी बायकोला हाका मारून बाहेर बोलावलं.

ती टिपणांची वही हातात घेऊनच आली. ती ग्रंथालयात नऊ वर्षं उपग्रंथपाल आहे, आणि सोमवारी अकराला तिची मुख्य ग्रंथपालाच्या जागेसाठी मुलाखत होती.

"छान आहे," काट्याकडे न बघता ती म्हणाली. "उद्या वेळेवर पोचवाल ना?"

"म्हणजे काय! पंधरा मिनिटं आधी."

ती आत गेली आणि मला बोंडाखाली तेलाचा एक थेंब दिसला.

इथे माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या गळत्या लिहून घेतोय. स्वतःच्या हाताने मी आजवर एकही बंद केलेली नव्हती. घरात नळाला गुंडाळायची पांढरी टेप होती. प्लंबर दोन वेढे देतो. मी बारा दिले. बोंड आत जाईना, पण मी पान्यावर लोंबकळलो आणि गेलं. थेंब बंद! काटा पुन्हा तपासला नाही. एकदा चालू झालेली गोष्ट परत तपासायची नाही, हे आमच्या खात्याचं जुनं धोरण आहे.

सोमवारी सव्वादहाला निघालो. पहिली दहा मिनिटं मी रस्त्याकडे बघत होतो. (चालकाला हेही काम असतं.) मग काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर होता.

मी करकचून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"तेलाला दाबच नाही! आणखी एक मिनिट चालवली असती तर इंजिन जाम झालं असतं."

"पण आवाज तर रोजचाच येत होता."

"आवाजावर विश्वास ठेवायचा नसतो."

"चावी द्या. मी चालवते."

मी चावी खिशात घातली. बायकोने वडिलांना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"जावईबापू, लाल दिवा लागलाय का?"

"नाही, बाबा."

"मग चालवा की."

"दिव्याचं बटण मी काढून टाकलंय."

मग सासरे म्हणाले, "तिला फोन द्या."

ते तिला काय म्हणाले हे मला कळलं नाही, कारण मागून जोरजोरात हॉर्न वाजायला लागला. मी गाडी नेमकी बसथांब्यावर उभी केली होती आणि मागे बस खोळंबली होती. बायको वही घेऊन उतरली आणि शांतपणे त्या बसमध्ये जाऊन बसली. चालकाने मला गाडी काढायला सांगितलं. मी म्हणालो, इंजिन सुरू करता येणार नाही. शेवटी चार प्रवाशांनी उतरून गाडी ढकलली, मी स्टिअरिंग धरलं, आणि बस निघून गेली. खिडकीत बायको वही वाचत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही. तेव्हा घड्याळात दहा चाळीस झाले होते, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिची नऊ वर्षं माझ्या हौसेपायी वाया जाणार होती.

तासाभराने मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडून बोंडाकडे निरखून बघितलं.

"हे पांढरं काय?"

"टेप."

"नळाची?"

"हो. आता एक थेंब गळत नाही!"

"बरोबर. आणि करंटही जात नाही." त्याने वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक बोंडाला आणि दुसरं इंजिनाला टेकवलं. मला चावी फिरवायला सांगितलं. इंजिन सुरू झालं आणि काटा डौलात मध्यावर आला. "याची दुसरी वायर म्हणजे हे आटेच, साहेब. अर्थिंग त्यातूनच मिळतं. तुम्ही नेमकं तेच गुंडाळून ठेवलंत."

मी घरी येऊन बसलो. तिला फोन करायचं धाडस झालं नाही. ती साडेपाचला आली, चपला काढल्या, आणि हसली.

"मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली. अकराला दोन मिनिटं असताना पोचले."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो. "काय काय विचारलं?"

"फारसं नाही. पहिलाच प्रश्न, ऐनवेळी अडचण उभी राहिली तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, आत्ताच राहिली होती."

"मग?"

"बसथांब्यावर सोडून आले, म्हटलं. अडचणीचा फोटो फोनमध्ये आहे, बघायचा का विचारलं, तर समितीतल्या सगळ्यांनीच हात पुढे केले."