फाट्यावरचा जादा टन

स्वतःविषयी स्वतःच बोलणं मला आवडत नाही. पण दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून नाइलाज आहे. मी अप्पाराव. परतूरच्या धान्याच्या मोंढ्यासमोर माझं चष्म्याचं दुकान आहे, ते केवळ लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी. मुळात मी गुप्तहेर. जालना जिल्ह्यात माझ्या तोडीचा दुसरा गुप्तहेर आहे का, याचा तपास मी स्वतःच केला आणि तो मला कुठेही सापडला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत एकदा पाहिलं की तो काय लपवतोय हे मी सांगतो. बहुतेक जण चष्म्याचा नंबर लपवत असतात.

माझा सहायक रामकिसन हा माझ्या बायकोचा भाऊ. त्याला मी नेमलेलं नाही, तो लग्नातच मिळाला. त्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि कल्पनाशक्ती बिलकुल नाही. माझं नेमकं उलटं असल्यामुळे आमचं जमतं.

त्या दिवशी बेबीनंदाताई दुकानात आल्या. मी त्यांच्या बोटांवरचा पांढरा रंग पाहून म्हणालो, ‘‘चुन्याचा व्यवसाय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई, शाळेत शिकवते. खडू हाये.’’ म्हणजे मी रंग बरोबर ओळखला होता.

त्यांची हकीकत अशी. नोकरी सांभाळून त्यांनी खडीच्या वाहतुकीसाठी दहा चाकी टिप्पर घेतला होता. चालवायला त्यांचा मोठा भाऊ संपत. क्रशरवरून खडी भरायची, तिथल्या काट्यावर वजन करायचं, आणि रस्त्याच्या कामावर टाकण्याआधी फाट्यावरच्या वजनकाट्यावर पुन्हा वजन करायचं. गाडीची मर्यादा मालासकट साडेअठ्ठावीस टन. संपत नेहमी अठ्ठावीसच भरायचा, अर्धा टन हातचा राखून. सकाळच्या खेपेला दोन्ही काटे सख्ख्या भावांसारखे एकच बोलत. दुपारच्या खेपेला मात्र फाट्यावरचा काटा एखाद्या दिवशी गाडी ओव्हरलोड दाखवायचा. पंधरा दिवसांत असं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं की वाहतुकीचा परवाना निलंबित आणि गाडी दारात उभी.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. मधल्या रस्त्यात संपत कुणाची तरी खडी चोरून भरतो आणि घेऊन जातो, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं. आज पुन्हा वजन जास्त आलं तर भावाकडून गाडीची किल्ली काढून घ्यायची, हे त्यांनी ठरवलं होतं. हे सांगताना त्या माझ्याकडे न पाहता काउंटरवरच्या फ्रेमा सरळ करत होत्या.

दुपारी आम्ही क्रशरपासून टिप्परचा पाठलाग केला. माझ्या चष्म्याची एक काच रंगीत होती आणि दुसरी साधी, त्यामुळे मला कुणी ओळखणं शक्य नव्हतं. संपतने आरशात पाहून हात केला, तो योगायोग असावा. क्रशरवर वजन अठ्ठावीस टन भरलेलं मी स्वतः पाहिलं होतं. सबंध रस्ताभर मी गाडीवरची नजर हटवली नाही. मध्ये एका रसवंतीवर थांबलो, तेवढा भाग फक्त तपासाबाहेर राहिला.

आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा टिप्पर काट्यावर चढलेला होता. हा काटा म्हणजे जमिनीपासून हातभर उंच असा लांबलचक लोखंडी ओटा. एका बाजूला काट्याची खोली, तिच्या खिडकीत मोनाली नावाची मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसते. संपतची सवय अशी की गाडी अगदी खिडकीला खेटून लावायची. मग खाली न उतरता बसल्या जागेवरून हात लांबवून पावती घेता येते. खाली उतरणं हा त्याला ड्रायव्हरचा अपमान वाटतो.

मोनालीने आकडा वाचला. एकोणतीस टनाला थोडा कमी.

बेबीनंदाताई स्कूटीवरून येऊन खिडकीशीच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, गाडी मध्ये कुठं थांबली होती का. आता रसवंतीचं नाव घेणं माझ्या प्रतिष्ठेला धरून नव्हतं. मी म्हणालो, ‘‘थोडा भाग संशयास्पद आहे.’’

संपतने ते ऐकलं. खिडकीतून बहिणीकडे बघत तो शांतपणे म्हणाला, ‘‘माह्यावर भरवसा न्हाई तुहा?’’ त्याने गाडी बंद केली, किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि परत स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला.

मला वाईट वाटलं. गुप्तहेर असलो तरी मी कुणाचा तरी भाऊ आहे.

मोनाली चांगली पोर. ती म्हणाली, बटण दाबलं की पावती सरळ वरच्या ऑफिसात जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही. मागची गाडी येईपर्यंत थांबते. मागची गाडी लांबून दिसतच होती. मी तातडीने टिप्परच्या पलीकडच्या बाजूला गेलो, कारण तिकडे सावली होती आणि माझा मेंदू सावलीत जास्त चालतो.

तिकडे कुंभार पिंपळगावच्या बसची वाट बघणारी मंडळी काट्याच्या ओट्यावर टायरला पाठ लावून ओळीने बसली होती. थांब्याला पाटी आहे, निवारा नाही. एक कडुलिंब होता, तो याच रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. बाजारचा दिवस असल्यामुळे पिशव्या, धान्याची पोती, एक कुलर असा संसारच मांडलेला होता. साक्षीदार आयते मिळाल्यामुळे मी खूश झालो आणि ओट्यावर चढून तपास सुरू केला.

पहिला सिद्धांत: चोरटा माल केबिनमध्ये दडवलाय. रामकिसनने केबिनमधून जॅक, साखळी, चाकं खोलायची टॉमी, पाण्याचा कॅन, उशी आणि डबा बाहेर काढला. सगळं ओट्यावर मांडून आम्ही मोनालीला हाक दिली. वजन वाढलं होतं.

‘‘बघा,’’ मी म्हणालो, ‘‘पुरावा काढला की गाडी चिडते.’’

दुसरा सिद्धांत: स्टेपनी. रामकिसन आणि दोन उतारूंनी ते अवजड चाक सोडवून ओट्यावर आडवं टाकलं. एवढं काय चाललंय म्हणून समोरच्या हॉटेलातली माणसंही बघायला आली आणि आमच्याभोवती चढून उभी राहिली. वजन आणखी वाढलं. आता एकोणतीसच्याही वर गेलं होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सामान काढल्याने जड होणारी गाडी मी पाहत होतो.

मी डोळे मिटले आणि तिसरा, खरा सिद्धांत माझ्यासमोर उभा राहिला. वजन दुपारीच का वाढतं? उन्हाने. उन्हाने काय फुगतं? टायरातली हवा.

‘‘रामकिसन, दहाही चाकांची हवा सोड.’’

‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘मंग गाडी उचलून न्यायची का?’’

मी त्याला विज्ञान समजावू लागलो, तोच मागच्या गाडीने हॉर्न दिला. मोनालीने खिडकीतून हाक मारली, की ताई, आता मला दाबावंच लागेल. बेबीनंदाताईंनी मान हलवली. किल्ली त्यांच्या मुठीत होती. पलीकडे संपत अजून समोरच बघत होता.

आणि कुंभार पिंपळगावची बस आली.

ओट्यावरची सगळी मंडळी एकदम उठली. पिशव्या गेल्या, पोती गेली, कुलर दोघांनी उचलला. जागा धरायची म्हणून हॉटेलातल्या माणसांनीही ओळखीच्यांची गाठोडी उचलून धूम ठोकली. तेवढ्यात मोनालीचा आवाज आला.

‘‘ताई, वजन पडलं. सव्वाअठ्ठावीसवर आलं.’’

माझ्या डोक्यात वीज चमकली. ‘‘बस अडवा,’’ मी ओरडलो, ‘‘चोरीची खडी बसमधून चाललीय.’’

रामकिसन जागचा हलला नाही. बेबीनंदाताई मात्र खिडकी सोडून पहिल्यांदाच गाडीला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. जॅक, साखळी, स्टेपनी, मी, रामकिसन, आणि एक म्हातारी. तिचं नाव दुर्गाबाई. तिच्या गावाची बस अजून यायची होती, म्हणून ती दोन पोत्यांना टेकून निवांत बसली होती.

‘‘मावशी, तुम्ही रोज इथंच बसता?’’

‘‘मंग कुठं बसावं, बाई? लिंब तोडला तुमच्या रस्त्यानं. सकाळी सावली तिकडं खिडकीच्या अंगाला पडती, तर ही खिडकीतली पोरगी हाकलून देती. दुपारची ही गाडी येती तव्हा जरा टेकायला मिळतं. बाजारच्या दिवशी तर आमी समदेच बसतो. चांगली गाडी हाये.’’

बेबीनंदाताईंनी तिला हात देऊन खाली उतरवलं. पोती उतरवली. रामकिसनने न सांगता सामान आणि स्टेपनी परत गाडीत चढवली आणि तोही उतरला. मग त्या माझ्याकडे वळून अतिशय नम्रपणे म्हणाल्या, ‘‘काका, आता तुम्ही.’’

मी उतरलो. आतून आवाज आला, ‘‘बराबर अठ्ठावीस.’’

मोनालीने बटण दाबलं. हे प्रकरण मी सगळ्या साक्षीदारांना एकाच जागी जमा केल्यामुळे सुटलं, एवढं मी नमूद करतो. रामकिसनला हे मान्य नाही.

बेबीनंदाताईंनी पावती आणि किल्ली दोन्ही संपतच्या हातात दिली. त्याने गाडी सुरू केली आणि काट्यावरून खाली घेतली. तो आता असाच निघून जाणार, असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं, कारण त्या रस्त्यावर तशाच उभ्या राहिल्या. दुर्गाबाई उन्हात डोक्यावर पदर ओढून घेत होती.

गाडी थोडी पुढे गेली, थांबली, पुन्हा थोडी मागे आली. दुर्गाबाई आणि तिची पोती बरोबर सावलीत येईपर्यंत संपत मागेपुढे करत राहिला. मग त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरून चाकाला टेकून बसला. म्हातारीची बस येईपर्यंत तो हलणार नव्हता, हे विचारायची गरज नव्हती.

बेबीनंदाताई त्याच्या शेजारी जाऊन मातीतच बसल्या.

‘‘दादा, माहं चुकलं.’’

संपत रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘‘मला कशाला म्हणती? गाडीला म्हण. पंधरा दिवस झाले, बिचारीला फुकट जाड म्हणून राह्यली तू.’’

बेबीनंदाताई खरंच उठल्या आणि तापलेल्या दरवाजावर तळहात ठेवून गाडीलाही तेच म्हणाल्या. मग परत येऊन भावाच्या जवळ बसल्या, आधीपेक्षा थोड्या जास्त जवळ.