सरांचं वाकडं दार

सरांनी बोटाने स्वतःचं पोट आत ढकललं. अर्थात मोबाइलवर. खरं पोट होतं तिथेच होतं, शर्टच्या खालच्या बटणाशी भांडत.

सर प्राथमिक शाळेत भूमिती शिकवत. 'रेघ पट्टी धरूनच ओढायची,' हे मुलांना ते न कंटाळता सांगत. पण डेटिंग ॲपवर आल्यापासून त्यांची स्वतःचीच पट्टी हरवली होती. कुणी पसंतच करेना. मग सर आरशासमोर एका अंगाने उभे राहू लागले, रात्री जेवेनासे झाले, वर्गात फळ्याऐवजी मोबाइलकडे बघू लागले. शेवटी खोलीच्या दारापुढे काढलेला फोटो त्यांनी असा काही कोरला, की कंबर सुरईची मान झाली.

दुसऱ्याच दिवशी एकीने पसंती कळवली. तिच्या प्रत्येक फोटोत हात खिशात. "ऐट बघ," सरांची ताई म्हणाली. तेवढ्यात निरोप आला, "तुमच्या मागचं दार कुणी केलंय?"

सर गोंधळले. "दार?"

"लाजत असेल रे भोपळ्या," ताई म्हणाली. " एकदम तुझ्यावर कशी येईल? आधी दार, मग खिडकी, मग तू."

सरांनी लिहिलं, "जुन्या कारागिराचं काम आहे."

"चौकट अशी दोन्हीकडून आत वाकवलेली मी कधी पाहिली नाही. लाकूड कुठलं?"

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि ते गार पडले. पोट आत सारताना मागची चौकटही आत आली होती! आता खरं सांगावं, तर सगळं पोट बाहेर. सरांनी लिहिलं, "साग."

"आमचं सुतारकाम आहे. रविवारी बाबांना घेऊन बघायला येते."

"पहिल्याच भेटीत बाप?" ताईने टाळी वाजवली. "नशीब उघडलं की रे!"

"अगं, ती दार बघायला येतेय!"

"मग दाखव."

"ते सरळ आहे!"

ताईने वळून दाराकडे पाहिलं. "दार सरळ असण्यात लाजण्यासारखं काय आहे?"

रविवारी सकाळी सरांनी डोकं लढवलं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उतरवलं आणि पलंगाखाली सरकवलं. पाहुणे आले तेव्हा सर श्वास कोंडून उभे होते.

"दार दुरुस्तीला दिलंय."

"दुरुस्तीला?" मुलीचे बाबा दुखावले. "आम्हाला सोडून कुणाला दिलंत?"

"असू द्या बाबा. चौकट आहे ना," मुलगी म्हणाली.

चौकट! सरांनी चौकटीचा विचारच केला नव्हता.

बाबांनी पिशवीतून ओळंबा काढून चौकटीला लावला. दोरीचं वजन जरा झुललं, थांबलं. त्यांनी मोबाइलमधला फोटो पाहिला, चौकट पाहिली, मग सरांना पाहिलं.

"चौकट तर सुतात आहे, अगदी सरळ. म्हणजे फोटोत वाकवलं ते..."

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी आल्या. सरांचा कोंडलेला श्वास सुटला, खालचं बटण उडालं आणि टणकन ओळंब्यावर आपटलं.

"मी पोट जरासं आत घेतलं होतं," सर पुटपुटले. "चौकट सोबत आली."

मुलगी खळखळून हसली. मग तिने खिशातले हात बाहेर काढले. "हे बघा. रंधा मारून घट्टे पडलेत. एकाने लिहिलं होतं, हे बाईचे हात की पुरुषाचे? तेव्हापासून खिशात."

"आम्हाला ऐट वाटली," सर म्हणाले.

"कसली ऐट! उन्हाळ्यात उकडतं नुसतं."

"बाबा," ती वाकून म्हणाली, "पलंगाखाली दार आहे."

सरांनी दार उचलून धरलं, तिने त्याची खालची कड तासली, बाबांनी स्क्रू आवळले. वर्षानुवर्षं फरशीला घासणारं दार आवाज न करता मिटलं.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "प्रोफाइलवरचा फोटो बदला. इतकं नीट बसवलेलं दार वाकडं दिसायला नको."

हे दाराबद्दल होतं की आपल्याबद्दल, ते सरांना पुन्हा पुन्हा वाचूनही कळेना.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "वाढ गं. आज जेवतो."